ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांची वारी

वारकरी या शब्दातच चालणे आहे. जो वारी करतो तो वारकरी, आणि वारी म्हटली की ती पायी. आपल्या संप्रदायाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्यात आधी पाय दिसतात. आळंदीपासून पंढरीपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तुडवणारे, चिखलाने भरलेले, फोड आलेले, रिंगणात धावणारे, कीर्तनात नाचणारे पाय. आपण एकमेकांना भेटतो तेही पायांवर डोके ठेवून. मग वाचकहो, ज्याचे पाय जन्मापासून किंवा एखाद्या अपघातापासून साथ देत नाहीत, त्याची या वाटेवर जागा कोणती, हा प्रश्न आपल्याला कधी पडला आहे का?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे तयार असते. देवाला भाव लागतो, पाय लागत नाहीत. नाम घ्यायला अंथरूणही पुरते. हे खोटे नाही. संतांनी नामासारखे सोपे साधन हातात दिले, ते याचसाठी की कोणी बाहेर राहू नये. पण हे उत्तर कोण देतो आणि केव्हा देतो, तेही पाहावे. बहुतेक वेळा ते चालू शकणारा माणूस निघता निघता देतो. बिऱ्हाड बांधून झालेले असते, भिशीचे पैसे भरलेले असतात, आणि ओट्यावर बसलेल्या भावाला आपण सांगतो, "तू इथूनच नाम घे रे, पांडुरंग तुझ्यापाशीच आहे." मग आपण हजारोंच्या संगतीत नाम घ्यायला जातो आणि तो भिंतीच्या संगतीत. नाम एकट्याने घेता येते हे खरे. पण ते एवढे एकट्याचे असते, तर दिंडी कशाला निघाली असती?

शरीराने अधू असलेल्या माणसाला सर्वांत जास्त काय सोसावे लागते, असे विचारले तर धडधाकट माणूस म्हणेल, शरीर. ज्यांच्याजवळ बसून मी ऐकले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तसे सांगितले नाही. शरीराची सवय होते. कुबडी बगलेत बसते, तीनचाकी हातात बसते, डोळे नसलेल्याला घरातला प्रत्येक उंबरा पाठ होतो. सवय होत नाही ती एकटेपणाची. आणि हा एकटेपणा मोठ्या दुष्टपणाने येत नाही, लहानलहान चांगुलपणातून येतो. लग्नाला सगळे घर निघते आणि प्रेमानेच म्हटले जाते, "तुला गर्दीत त्रास होईल, तू राहा." पुढच्या वेळी तेवढेही म्हटले जात नाही, कारण तो येणार नाही हे ठरूनच गेलेले असते. पाहुणे येतात ते खुर्ची ढकलणाऱ्याला विचारतात, "यांना चहा चालतो का?" चहा पिणारा समोर बसलेला असतो, त्याला ऐकू येते, बोलता येते, पण प्रश्न त्याच्या डोक्यावरून जातो. अपघातानंतरचा पहिला महिना खोलीत माणसे मावत नाहीत. सहा महिन्यांनी दाराशी चप्पल दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आपण सहसा बोलत नाही. कोठे जायचे असले की यातले कित्येकजण आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. लघवीला जायचे तर दुसऱ्याला उठवावे लागते, जागा मिळत नाही, मिळाली तर दोन पायऱ्या आणि चिखल असतो. मग नकोच ते पाणी. बायकांचे तर विचारूच नका. वाटेवर आपण माणसामाणसाला पाणी पाजतो, टँकर उभे करतो आणि त्याचे पुण्य मानतो. त्याच वाटेवर एखादी बाई तहानलेली राहते, कारण पाणी प्यायल्यावर पुढे काय, याचा विचार कोणी केलेला नसतो. पुष्कळजणी मग यायचेच सोडतात, आणि आपण म्हणतो, तिला आवड नाही.

2011 च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक लोकांची नोंद अपंग म्हणून झाली. 2016 च्या कायद्याने तर अपंगत्वाचे 21 प्रकार मानले, पूर्वी सातच मानत असत. म्हणजे हा कोठल्यातरी दूरच्या चार जणांचा विषय नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत, कदाचित तुमच्याच माजघरात तो आहे. सरकारी कागदावर आता दिव्यांग म्हणतात. शब्द चांगला आहे. पण शब्द बदलल्याने दाराची कडी वाजत नाही.

आता आपल्या परमार्थातल्या एका अडचणीच्या जागेकडे येऊ. मोठ्या सद्भावाने आपण अशा माणसाला दोन गोष्टी सांगतो आणि त्या दोन्ही त्याला अधिक एकटे करतात.

पहिली गोष्ट प्रारब्धाची. "मागच्या जन्मीचे भोग, भोगून संपवायचे." प्रारब्धाचा विचार आपल्या शास्त्रात आहे, तो मी नाकारीत नाही. स्वतःवर दुःख आले असता त्याने कडवट न होता ते सोसावे, कोणावर दात धरू नये, यासाठी तो विचार मोठा आधार आहे. पण तो आधार ज्याचा त्याने घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून आपण "प्रारब्ध" म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ निराळाच होतो. त्या माणसाला ऐकू येते ते असे, की तू काहीतरी केले आहेस, ते काय हे तुला आठवत नाही, आम्हालाही ठाऊक नाही, पण तू दोषी आहेस. पोलिओने पाय गेलेल्या दोन वर्षांच्या लेकराच्या आईला हे वाक्य किती वेळा ऐकावे लागते, ते त्या आईलाच विचारावे. शिवाय प्रारब्ध म्हटले की आपली सुटका होते. त्याचे भोग त्याचे, त्यात आपण काय करणार? उंबऱ्याशी उतार बांधायचा राहून जातो तो असा. पुंडलिक घरात आईबापांचे पाय चेपीत होता. त्यांच्या दुखण्याला त्याने त्यांचे प्रारब्ध म्हटले नाही. दारात देव आला तरी हातातली सेवा सोडली नाही आणि देवाला वीट टाकून दिली. आपले सारे पंढरपूर त्या विटेवर उभे आहे.

दुसरी गोष्ट चमत्काराची. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात किती रंगून ऐकतो! शपथ मोडली म्हणून स्वतःचे हात तोडणारे गोरोबा, नामदेवरायांचे कीर्तन, सगळे टाळ्या वाजवीत आहेत आणि गोरोबांना हात फुटतात. सभामंडप गजराने दणाणून जातो. त्याच मंडपात खांबाला टेकून एक हात नसलेला माणूस बसला आहे. त्याच्या मनात त्या क्षणी काय येते? गोरोबांचा भाव खरा होता म्हणून हात आले. माझे आले नाहीत, म्हणजे माझा भाव कमी पडला. कथेचा हा अर्थ नाही, हे बुवांना माहीत आहे. पण सांगताना कोणी ते सांगत नाही, आणि तो माणूस पुढच्या एकादशीला मंडपात दिसत नाही.

म्हणून मला वाटते, गोरोबांच्या कथेबरोबर कूर्मदासांची कथाही सांगितली पाहिजे. महिपतीबुवांनी भक्तविजयात ती सांगितली आहे, पण हल्ली कीर्तनातून ती फारशी ऐकू येत नाही. पैठणचे कूर्मदास हातापायांनी अधू होते. पंढरीच्या वारीचे माहात्म्य त्यांनी ऐकले आणि निघाले. कसे निघाले? पोटावर सरपटत. कासवासारखे, म्हणून कूर्मदास. पैठणहून पंढरपूर म्हणजे धडधाकट माणसालाही बरेच मुक्काम करायला लावणारी वाट. ते सरपटत सरपटत माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आले. एकादशी उद्यावर आली. पंढरी अजून काही कोसांवर, आणि अंग पुढे सरकेना. तेव्हा त्यांनी वाटेने चाललेल्या यात्रेकरूंच्या हाती देवाला निरोप पाठवला, की मला येणे होत नाही, तूच ये. पुढे ज्ञानदेव आणि नामदेव यांना बरोबर घेऊन देव निघाला, वाटेत अरणला सावतोबांच्या मळ्यात थांबला, आणि लऊळला कूर्मदासांना भेटला. लऊळला कूर्मदासांचे मंदिर आजही आहे.

या कथेत काय घडले नाही, ते आधी पाहा. कूर्मदासांना हातपाय फुटले नाहीत. त्यांनी ते मागितल्याचेही कथेत नाही. भेट मागितली. देवानेही "तुला बरे करतो" म्हटले नाही, तो उठून आला, आणि एकटा आला नाही; सोबती घेऊन आला. मी ही कथा अनेकदा मनात घोळवली आहे आणि मला दर वेळी ते यात्रेकरू आठवतात, ज्यांनी निरोप नेला. त्यांची नावे कथेत नाहीत. त्यांनी सरपटणाऱ्या माणसाजवळ थांबून त्याचे बोलणे पुरते ऐकून घेतले. एकादशी तोंडावर, चंद्रभागेच्या स्नानाची घाई, आणि तरी ते थांबले. त्यांनी त्याच्या हातावर पैसा ठेवून पुढे पाऊल टाकले असते, तर निरोप गेला नसता.

पंढरीच्या घाटावर ओळीने बसलेले अपंग आपण पाहतो. पैसा टाकतो, नमस्कार करतो, पुढे होतो. दानाला मी नावे ठेवीत नाही. त्यांच्या पोटाला ते लागते. पण आपण त्यांच्यासमोर किती वेळ थांबतो? त्यांच्यापैकी एकाचे तरी गाव आपल्याला ठाऊक आहे का? आपल्या पुण्याला त्यांची गरज आहे, आपल्या संगतीला नाही, असे त्यांना वाटले तर ते चूक म्हणता येईल का? दया वरून खाली येते. ती घेणारा घेतो, पण ती घेताना त्याला आपण खाली बसलो आहोत हे पुन्हा एकदा कळते.

इथवर मी धडधाकट वाचकांशी बोललो. आता तुमच्याशी बोलतो, जे हा अंक खाटेवर, खुर्चीवर, किंवा दुसऱ्याच्या तोंडून वाचून घेत आहात.

एकटेपणाची दारे दोन असतात. एक लोक लावतात आणि एक आपण लावतो. लोकांनी लावलेल्या दाराचे दुःख चोखोबांना विचारावे. त्यांची समाधी आजही महाद्वारी आहे, कारण जिवंतपणी त्यांना आत घेतले नाही. ते दार उघडायला किती शतके गेली! साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते उघडले. म्हणजे दार लावणारे लोक होते आणि ते उघडायला लावणाराही एक माणूसच होता. ज्ञानोबा आणि त्यांची भावंडे तर लहानपणीच वाळीत टाकली गेली. पण ज्ञानोबांच्याच चरित्रात दुसरे दारही आहे. लोकांच्या बोलण्याने मन दुखावले आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर मुक्ताबाई आली. वयाने धाकटी. तिने ताटीबाहेर बसून काय केले, ते तिच्या ताटीच्या अभंगांत आहे. मी फक्त एवढेच लक्षात आणून देतो, की तिने "बिचारा माझा दादा" म्हणून डोळे पुसले नाहीत. तिने त्यांना त्यांच्या थोरपणाची आठवण दिली, समजावले, विनवले, आणि आतले दार आतूनच उघडायला लावले. ज्ञानोबांनासुद्धा ताटी लावावीशी वाटली, तेव्हा तुम्हाला तसे वाटले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुखावलेला माणूस दार लावतोच. फक्त बाहेर कोणी हाक मारली, तर ती हाक ओळखता आली पाहिजे.

आणि हाक कोणाची लवकर पोचते? माझ्या पाहण्यात, तशाच वाटेने गेलेल्याची. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. ऐन सोळाव्या वर्षाच्या सुमारास कमरेखालचे शरीर लुळे पडले. धीर देणारे पुष्कळ होते. पण मन पालटले ते तशीच अवस्था असलेल्या, तरी स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्या आणि स्वतः मोटार चालवणाऱ्या एका गृहस्थांची भेट झाल्यावर. धडधाकट माणूस "होईल सगळे ठीक" म्हणतो, तेव्हा ते त्याचे बोलणे असते. खुर्चीवर बसलेला माणूस काही न म्हणता समोर येतो, तेव्हा तो पुरावा असतो. पुढे नसीमाताईंनी नोकरी केली आणि 1984 साली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था उभी केली. आता त्या स्वतः दुसऱ्यांसाठी तो पुरावा झाल्या. त्या आपल्या संप्रदायातल्या नाहीत. पण वाट दाखवणाऱ्याची जात-धर्म विचारायची सवय आपल्याला संतांनी लावलेली नाही.

आशा म्हणजे काय, याचा मी पुष्कळ विचार केला. पाय बरे होतील ही आशा काहींच्या बाबतीत खरी असते. उपचार करावेत, ते सोडू नयेत. पण जिथे वैद्याने स्पष्ट सांगितले आहे, तिथे ती आशा धरून बसणे म्हणजे आयुष्य उद्यावर टाकणे. मला दिसलेली आशा साधी आहे. उद्या सकाळी कोणीतरी माझी वाट पाहणार आहे, माझ्यावाचून कोणाचे तरी एक काम अडणार आहे, एवढी. ज्याला ही आहे तो खाटेवरसुद्धा ताठ असतो. ज्याला ही नाही तो धडधाकट असूनही खचतो. म्हातारपणी शेत मुलांच्या हाती गेलेले बाप पाहा.

आमच्या दिंडीत एक गृहस्थ आहेत. एक पाय लहानपणीच पोलिओने गेला. पूर्वी ते वारीला यायचे ते सामानाच्या ट्रकमध्ये बसून, आणि दिवसभर ट्रकमध्येच असायचे, सामानासारखे. त्यांचा पाठ मोठा. एका वर्षी हरिपाठ सांगणारे बुवा वाटेत तापाने पडले आणि कोणीतरी यांना पुढे बसवले. तेव्हापासून मुक्कामावरचा हरिपाठ यांचा. आता गंमत अशी झाली आहे, की ते चिडखोर आहेत. कोणी चाल चुकवली की सगळ्यांसमोर बोलतात. नव्या पोरांना त्यांची धास्ती वाटते. चहा उशिरा आला तर रागावतात. मला हे फार बरे वाटते. पूर्वी सगळे त्यांच्याशी गोड बोलत, आणि ते सगळ्यांशी गोड बोलत. कारण उपकाराखाली दबलेल्या माणसाला रागावण्याची सोय नसते. आता ते माणसांतले एक माणूस आहेत. संध्याकाळी ट्रक यायला उशीर झाला, तर अख्खी दिंडी रस्त्याकडे डोळे लावून बसते.

विदर्भातल्या गुलाबराव महाराजांचे चरित्र याच दृष्टीने वाचावे. जन्म 1881 चा. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. स्वतःला ज्ञानोबारायांची कन्या म्हणवीत. अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ आहेत. हे झाले कसे? दुसऱ्यांनी वाचून दाखवले, दुसऱ्यांनी लिहून घेतले. आपण म्हणू, केवढे परावलंबन! पण वाचून दाखवणारे काय रिकाम्या हाताने परत गेले? ज्याच्यासाठी डोळे लावले त्याच्याकडूनच त्यांना दृष्टी मिळाली. मदत घेणे म्हणजे कमीपणा, ही समजूत आपण सोडली पाहिजे. विणेकऱ्याच्या गळ्यातला वीणा दुसरा उभा राहिल्याशिवाय उतरत नाही. पखवाजी नसला तर टाळकरी काय करतील? दिंडीत कोणीच स्वावलंबी नसतो.

ज्यांना घराबाहेर पडताच येत नाही, त्यांचे काय? त्यांच्याकरिता मी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. तीन गावांतले चार जण, चौघेही अंथरुणाला किंवा खुर्चीला बांधलेले, रोज संध्याकाळी सात वाजता एकमेकांना एकाच वेळी फोन लावतात आणि हरिपाठ करतात. आधी त्यांनी सगळ्यांनी एकत्र म्हणून पाहिले. पण फोनवर एकाचा आवाज दुसऱ्याकडे किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे टाळ आणि चाल यांचा नुसता गोंधळ झाला. मग त्यांनी पाळी लावली. एकाने म्हणायचे, तिघांनी ऐकायचे. मोबाइलवर मोठमोठ्यांची कीर्तने चोवीस तास ऐकायला मिळतात, ती ऐकावीत. पण त्या कीर्तनकाराला तुम्ही आज ऐकलेत की नाही हे कधी कळणार नाही. या चौघांत मात्र सात वाजून पाच मिनिटे झाली आणि एकजण आला नाही, तर बाकीचे तिघे बेचैन होतात. एकदा एकाचा फोन उचलला गेला नाही म्हणून दुसऱ्याने शेजाऱ्याला धाडले. बघतो तर गडी खुर्चीवरून पडला होता आणि घरात कोणी नव्हते.

आपले मन मोकळे करायलाही लाजू नका. पालखी सोहळ्यातली समाजआरती आठवा. मुक्कामावर सगळ्या दिंड्या गोल जमतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवीत नाही. लाखोंच्या शांततेत त्या एकट्या दिंडीचा टाळ वाजत राहतो. मग चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, तेव्हा तो टाळ थांबतो. त्या दिंडीला कोणी कृतघ्न म्हणत नाही, सोहळ्याचा रंग बिघडवला असे म्हणत नाही. गाऱ्हाणे मांडणे हा सोहळ्याचाच भाग आहे. घरात, गावात, देवळात तुमचा टाळ वाजता ठेवा. "मला लग्नाला यायचे आहे," "प्रश्न मला विचारा," "मला एकादशीला देवळात न्या." हे म्हणणे हट्ट नव्हे.

आणि तो टाळ ऐकणाऱ्यांनो, तुमच्याकडे चोप आहे. नामदेवरायांनी संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून महाद्वारी पायरी होणे पत्करले. आपण त्या पायरीला डोके टेकवतो आणि गावी येऊन देवळाला संगमरवराच्या सात पायऱ्या बांधतो, ज्यांच्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही. जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा करताना एका बाजूला उतार आणि हाताला धरायला कठडा, एवढा खर्च त्यात धरावा. मुक्कामाच्या राहुट्या ठोकताना एक राहुटी सपाट जागेवर आणि शौचालयाजवळ ठोकावी. भिशीची यादी करताना गावातल्या त्या घरीही जाऊन विचारावे, "येता का?" नाही म्हटले तरी पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. विचारताना "जमेल का तुम्हाला?" असे विचारू नये, "आमच्या दिंडीत हिशोबाची वही सांभाळायला माणूस पाहिजे," असे म्हणावे. खरोखरच पाहिजे असतो.

एक शेवटची गोष्ट, नमस्काराची. दिंडीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. पण खुर्चीवरचा माणूस समोर आला की आपण घोटाळतो. कोणी त्याच्या खांद्यावर थोपटतो, कोणी नुसते हात जोडून बाजूला होतो. तो वाकू लागला तर आपण घाईने "राहू द्या, राहू द्या" म्हणून त्याला अडवतो. त्याला वाकू द्यावे. जेवढे वाकता येते तेवढे. आणि मग आपणही वाकावे, त्याच्या पायांपर्यंत. एका मुक्कामावर मी हे घडताना पाहिले. साठीच्या एका माळकरी आजींनी तीनचाकीवरच्या पोराच्या काटकुळ्या पायांवर डोके ठेवले आणि "माउली" म्हटले. पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने आधी पाय मागे ओढायचा प्रयत्न केला, पण ते त्याला ओढता येत नव्हते. मग तो म्हणाला, "आजी, या पायांना आजवर डॉक्टरांनीच हात लावला होता." आजींना ऐकायला कमी येत असावे. त्यांनी पदराने त्याच्या पायावरचा बुक्का पुसला, पुढच्या चाकात अडकलेली चिंधी काढून टाकली आणि त्याला विचारले, "कुठल्या दिंडीचा रे तू?"